थांबलेला वेळ वजा करून

हे सगळं एकोणीसशे एकाहत्तर सालचं. साल मला पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी मी ट्रंक एक्स्चेंजच्या पर्यवेक्षकपदाची परीक्षा दिली, यादीत पहिली आले आणि घरात कुणाला त्याचा पत्ता लागू दिला नाही.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. नऊ वर्षं ट्रंक बोर्डवर काढली होती, परगावचे फोन जोडत. कानांवर हेडफोन, समोर दोऱ्यांचा गुंता, हाताशी तिकिटांचा गठ्ठा. प्रत्येक कॉलचं एक तिकीट, त्यावर बोलणं सुरू झाल्याची वेळ आणि संपल्याची वेळ. तीन मिनिटं भरली की मध्ये शिरून सांगायचं, ‘तीन मिनिटं झाली.’ ही तीन मिनिटं अंगात इतकी मुरली होती की घरी दूध तापत ठेवून मी दुसऱ्या खोलीत गेले, तरी ते उतू जायच्या आत पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळायचे. आमचा आणखी एक नियम होता. मध्येच लाईन खराब झाली, आवाज गेला, खरखर आली, तर तेवढा वेळ तिकिटावरून वजा करायचा. गिऱ्हाईक जेवढं बोललं, तेवढंच मोजायचं.

आमचे हे पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. अक्षर असं की लोक पाटी वाचायची सोडून बघत राहायचे. पण नुसत्या अक्षरावर घर चालत नाही. तीन वर्षं हातात धड काम नव्हतं. तेवढ्यात शहरापासून दोन तासांवर नवीन राष्ट्रीय उद्यान होऊ लागलं आणि तिथल्या सगळ्या पाट्यांचं काम यांना मिळालं. तिथल्या साहेबांनी शब्दही दिला होता, की काम मनासारखं झालं तर कायम करून घेऊ.

त्या साहेबांच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. पाटीवर अंतर लिहून उपयोग नाही, म्हणाले. लोकांना अंतर कळत नाही, वेळ कळते. तळ्यापर्यंत किती वेळ, कड्यापर्यंत किती, धबधब्यावरून परत किती, असं लिहा. पण वनरक्षकाला चालायला लावलं तर पाटीवर हरणाची वेळ येईल. कुणीतरी सर्वसाधारण माणूस चालवून बघा.

“मी लगेच सांगितलं, आमच्या घरात दोन आहेत म्हणून,” हे जेवताना आनंदानं म्हणाले.

“सर्वसाधारण?” मी विचारलं.

“तसं नव्हे गं. चालायला सर्वसाधारण.”

“ही सर्वसाधारण, मग मी कोण रे?” वन्संनी ताटातून मान वर न करता विचारलं. “जादा माल?”

वन्सं म्हणजे यांची मोठी बहीण. यांच्याहून अकरा वर्षांनी मोठ्या. आईबाप लवकर गेल्यावर त्यांनीच यांना वाढवलं होतं. एका मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. जिभेला धार आणि गुडघ्यांना मात्र गंज. त्याही येणार, असं ठरलं. शनिवारी.

त्या आठवड्यातल्या गुरुवारी आमच्या एक्स्चेंजच्या मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावून हुकूम दाखवला. पर्यवेक्षकाची जागा, पण दुसऱ्या शहरात. बसनं सात तास.

“शनिवारी पाचला मी या खुर्चीवरून उठेन,” त्या म्हणाल्या. “तोवर तुझा होकार आला नाही, तर यादीत दुसरं नाव आहे. चष्मेवालीचं.”

चष्मेवाली म्हणजे माझ्या शेजारच्या बोर्डवरची. आमचे डबे एकत्र उघडायचे.

गुरुवारची रात्र गेली, शुक्रवारची गेली, मी काही बोलले नाही. ‘जाऊ नकोस’ म्हणाले असते तर मी गेले नसते आणि जन्मभर त्यांना ते ऐकवलं असतं. ‘जा’ म्हणाले असते तर ते मनापासून म्हणाले की नाही, हेच खोदत बसले असते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी मनाशी ठरवलं की शनिवारी मोकळ्या हवेत सांगू. उद्यानाच्या फाटकावर, साहेबांच्या ऑफिसात फोन आहे. सांगून झालं की तिथूनच मोठ्या बाईंना कळवू.

शनिवारी सकाळी साडेआठला आम्ही फाटकातून आत शिरलो. मी, हे, वन्सं, आणि वाट दाखवायला वनरक्षक. वनरक्षक इतका उंच आणि लांब पायांचा होता की पहिल्याच वळणावर वन्संनी त्याचं नाव झिराफ ठेवलं. त्यानं ते ऐकलं.

“झिराफ म्हणा बाई, पण जरा हळू,” तो म्हणाला. “हरणांनी ऐकलं तर माझा वचक जाईल.”

यांनी माझ्या हातात एक वही दिली. “वेळ तूच लिही. तुझ्याइतकं पक्कं कुणाचंच नाही.” घड्याळही माझंच होतं. घरात तेवढं एकच चालू होतं.

पहिली वाट तळ्याकडे जाणारी. सरळसोट उंच झाडं, खाली वाळलेल्या पानांचा थर, मधूनच ऊन. सुंदरच असणार. मला विचाराल तर तळ्याच्या पाण्याचा रंगही सांगता येणार नाही. तिथे पोचलो तेव्हा दहा चाळीस झाले होते, एवढं सांगता येईल. दर तीन मिनिटांनी आत काहीतरी टुचकन बोचायचं. पाच वाजायला इतके तास, इतकी मिनिटं. आणि ही मंडळी आपली थांबत होती. वन्संच्या चपलेचा अंगठा सुटला, थांबा. खडा गेला, थांबा. कुठला तरी निळा पक्षी दिसला, थांबा. तो उडून गेला तरी, “परत येईल गं, बसू जरा.”

“वन्सं, पक्षी काय शाळेतला आहे, मधल्या सुट्टीनंतर परत यायला?”

“तुला कुठे जायचंय एवढं? घरी कोण रडतंय?”

हेही कमी नव्हते. एखाद्या वळणावर मध्येच उभे राहायचे, दोन पावलं मागे यायचे, हाताची चौकट करून बघायचे. “इथे उभी राहील पाटी. वळायच्या आधी दिसायला हवी, वळल्यावर नाही.” आणि शीळ घालायचे. तीन वर्षांत मी यांची शीळ ऐकली नव्हती. तोंडापर्यंत आलेलं त्या शिळेनं परत घशात जायचं.

दरवेळी थांबलो की मी घड्याळ बघायचे, वहीच्या समासात मिनिटं टिपायचे आणि एकूण वेळेतून वजा करायचे. कुणी सांगितलं नव्हतं. हात सवयीनं चालत होता. थांबलो म्हणजे लाईन खराब. तळ्यापर्यंत प्रत्यक्षात दोन तास दहा मिनिटं लागली होती. मी लिहिलं, एक तास वीस मिनिटं. बरोबरच लिहितेय, असं मला वाटत होतं.

तळ्याकाठी ब्रेड आणि उकडलेली अंडी खाल्ली, थर्मासमधला चहा घेतला. मी उभ्यानंच खाल्लं.

“बस की गं,” हे म्हणाले.

“पाय जड होतात बसलं की.”

“हिच्या पायाला भिंगरी लागलीय आज,” वन्सं झिराफाला म्हणाल्या. “एरवी खुर्चीवरून हलत नाही, आठ-आठ तास.”

दुसरी वाट तळ्यापासून कड्यावर चढणारी. तिथे मी दोनदा प्रयत्न केला.

“अहो, एक सांगायचं होतं.”

“श्श! ते बघ.” हरणं होती, पाच-सहा. ती निघून जाईपर्यंत सगळे खांबासारखे उभे. नऊ मिनिटं. वजा.

दुसऱ्यांदा, चढावर, वन्सं मागे राहिल्या होत्या. “अहो, माझ्या ऑफिसात...”

“तुझ्या ऑफिसला आज सुट्टी दे,” हे हसून म्हणाले. “साहेब काय म्हणाले माहितीये? कायम झालो तर इथेच फाटकाजवळ खोली देतील. दोन खोल्या आणि मागे मोकळी जागा. तू बदली मागून घे इकडच्या छोट्या एक्स्चेंजला. घरी आलीस की झाडं बघत बसायचं.”

त्यानंतर मी वहीतच डोकं घातलं. वन्सं अकरा वेळा बसल्या. जेवणाला चाळीस मिनिटं गेली. कड्यावर पोचलो तेव्हा तीन वाजले होते. वहीत लिहिलं, एक तास पन्नास मिनिटं.

कड्यावरून सगळं उद्यान पसरलेलं दिसत होतं. लोक ते बघायला पुढे लांबलांबून यायला लागले. मला त्यात एकच गोष्ट दिसली. खाली, झाडांमध्ये, फाटकाजवळच्या ऑफिसचं इवलंसं लाल छप्पर.

“इथून फाटक किती वेळ?” मी झिराफाला विचारलं.

“धबधब्यावरून? माझ्या पायांनी दीड तास. तुमच्या...” त्यानं वन्संकडे पाहिलं. “तीन धरा.”

“सरळ खाली उतरायला वाट नाही?”

“आहे की, आमची. तासाभरात जाल. पण ती पाटीवरची नाही.”

“मग तिसरी वेळ अंदाजानं लिहू,” मी यांना म्हणाले. “आधीच्या दोन वाटांवरून मी काढून देते. दोन तास लिहा आणि खाली चला.”

हे माझ्याकडे बघतच राहिले. “अंदाजानं? उद्या एखादा म्हातारा माणूस नातवाचा हात धरून पाटीच्या भरवशावर निघेल. त्याच्यासाठी मी अंदाज रंगवू?”

“सगळे रंगवतात.”

“मी नाही रंगवत. आणि सकाळपासून तुझी ही काय घाई चाललीय? कुणाचा फोन यायचाय का तुला?”

“मला करायचाय,” मी म्हणाले.

आणि मग सगळं सांगून टाकलं. उभ्या उभ्या, एका दमात. सांगायला तीन मिनिटंही लागली नाहीत.

“परीक्षा कधी दिलीस?”

“फेब्रुवारीत.”

“फेब्रुवारीत तर तू आजारी मावशीकडे गेली होतीस.”

“परीक्षेला गेले होते.”

“आणि मावशी?”

“मावशी ठणठणीत आहे.”

“मी तिच्यासाठी टॉनिकची बाटली पाठवली होती!”

“ती तिनं घेतली.”

वन्संना हसू आवरेना. यांना मात्र हसू आलं नाही. ते एका खडकावर बसले, आमच्याकडे पाठ करून. पुष्कळ वेळानं म्हणाले, “तुझं तू बघ. मला वाट मोजायचीय.”

मी तशीच उभी. ती पाठ काय म्हणतेय, ते बघत. जा म्हणतेय की राहा म्हणतेय. वन्सं गुडघे धरत माझ्याजवळ आल्या.

“त्याच्या तोंडाकडे बघत बसलीस तर पाच इथेच वाजतील,” त्या हळूच म्हणाल्या. “तो हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. तो शाळेत असताना मी विचारायचे, सहलीला जायचंय का? हा असाच पाठ करून बसायचा. मी त्याला ठरवून कधीच दिलं नाही. तुलाही नाही देणार. जायचंय का तुला?”

“हो.”

“मग घड्याळ आण इकडे. आम्हाला वाट मोजायचीय.”

मी घड्याळ काढून दिलं, वही दिली. झिराफाला त्या दोघांबरोबर राहायला हवंच होतं. त्यानं मला वाटेच्या तोंडापर्यंत नेलं. “दगडांवर दगड रचलेत, ते धरून उतरा. खाली ओढा लागेल. ओलांडायचा नाही, कडेकडेनं जायचं. आणि बाई, पळू नका. पळतात ते पडतात.”

मी पळाले. आणि पडलेही, दोनदा. हातात घड्याळ नव्हतं, म्हणून तीन-तीन मिनिटं बोटांवर मोजत होते. उजव्या हाताची पाच बोटं झाली की पंधरा. दुसऱ्यांदा पडले तेव्हा कोपर सोलवटलं आणि मोजणी चुकली. त्यानंतर रचलेले दगडही दिसेनात. ओढ्याशी आले, तर समोरच्या काठावर वाटेसारखं काहीतरी दिसत होतं. ओलांडावंसं फार वाटलं. वाट तीच वाटत होती. पाय पाण्यात घालून मी किती वेळ उभी राहिले, ते मला सांगता यायचं नाही. मी, जिला मिनिटं अंगानं कळायची! शेवटी झिराफाचं ऐकलं आणि कडेकडेनं गेले.

ऑफिसातल्या भिंतीवरच्या घड्याळात चार एकतीस झाले होते. साहेब नव्हते, पहारेकरी होता. माझा अवतार बघून त्यानं काही न विचारता फोन पुढे सरकवला.

“ट्रंक,” पलीकडून आवाज आला. चष्मेवालीचा.

“मी बोलतेय. मोठ्या बाईंच्या खोलीत जोड.”

“त्यांचं बोलणं चालू आहे. थोड्या वेळानं कर.”

चार एक्केचाळीसला पुन्हा केला. “अजून चालू आहे.”

चार एकोणपन्नासला पुन्हा. “चालूच आहे गं.”

“खरंच चालू आहे?”

“तुला काय वाटतं?”

तिच्यामागे सगळ्या खोलीचा आवाज मला ऐकू येत होता, दहा-बारा बायका एकदम बोलताहेत, कुणीतरी म्हणतंय, तीन मिनिटं झाली. त्या आवाजात मी नऊ वर्षं बसले होते.

“माझी आई त्याच शहरात एकटी असते,” चष्मेवाली म्हणाली. “माहितीये ना तुला?”

“माहितीये.”

“बरं.”

खटका पडला. “हॅलो,” मोठ्या बाई म्हणाल्या. भिंतीवर चार छप्पन्न झाले होते. “बोल. हो की नाही?”

“हो.”

“घरी विचारलंस?”

“सांगितलंय.”

“पंधरा तारखेला हजर व्हायचं,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सव्वासहाला ती तिघं खाली आली. वन्सं झिराफाच्या हाताचा आधार घेऊन, हे मागून. यांनी घड्याळ माझ्या हातात दिलं.

“लागला का?”

“लागला.”

“मग?”

“हो म्हणाले मी.”

“दोन तास पन्नास मिनिटं,” ते म्हणाले. “ताई नऊ वेळा बसली. कोपराला काय झालं?”

“पडले.”

त्यांनी पहारेकऱ्याकडून पाणी मागून घेतलं, जखम धुतली, स्वतःचा रुमाल बांधला. हे सगळं करताना माझ्याकडे पाहिलं नाही. परतताना उद्यानाच्या जीपमध्ये वन्सं लगेच घोरायला लागल्या. मी निघेपर्यंतचे दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. पंधरा तारखेच्या आदल्या दिवशी बसवर सामान चढवायला आले, ट्रंकेवर माझं नाव स्वतः रंगवून. अक्षर नेहमीसारखंच सुंदर होतं. बस सुटताना म्हणाले, “पोचलीस की फोन कर. तीन मिनिटं बोलू.”

उद्यान सुरू झालं आणि महिनाभरात तक्रारींची वही भरली. तळ्याच्या आणि कड्याच्या पाट्या खोट्या आहेत, दुप्पट वेळ लागतो, मुलं रडकुंडीला येतात. तिसरी पाटी मात्र बरोबर, कारण तिची वेळ यांनी बसण्या-उठण्यासकट लिहिली होती. साहेबांनी यांना बोलावून झापलं. हे घरी आले, माझी वही काढली, समासातली वजाबाकी पाहिली आणि सगळं उमगलं. साहेबांना सांगितलं, ‘रंगवताना माझ्याकडूनच आकडे चुकले.’ दोन रविवार जाऊन पाट्या पुन्हा रंगवल्या. मला पत्रात एवढंच लिहिलं : ‘बसणं चालण्यातच धरायचं असतं. माणूस बसतोच.’ त्या चुकीमुळे त्यांचं कायम होणं एक वर्ष पुढे गेलं, हे मला फार उशिरा कळलं, तेही वन्संकडून.

साहेबांची पुढे जिथे एकही झाड नाही अशा खात्यात बदली झाली. तिथून ते निवृत्त झाले.

झिराफ बारा वर्षं उद्यानात होता. एकदा वणवा विझवताना छातीत धूर गेला. त्यानंतर त्याला चढ झेपेना, तेव्हा फाटकावर तिकिटं द्यायला बसवलं. येणाऱ्याला सांगायचा, पळू नका.

मोठ्या बाई मी गेल्यावर दोन वर्षांनी गेल्या. खुर्चीवर असतानाच.

चष्मेवाली पुढच्याच वर्षी पर्यवेक्षक होऊन माझ्या एक्स्चेंजला आली. तिची आई चार महिन्यांपूर्वी वारली होती. आम्ही दोघी एकोणीस वर्षं एका खोलीत काम केलं, यंत्रांनी आमची दोऱ्यांची बोर्डं बंद पाडीपर्यंत. डबे एकत्रच उघडत राहिलो. त्या शनिवारी मोठ्या बाईंचं बोलणं खरंच चालू होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता ती नाही.

हे तिकडेच राहिले, मी इकडे. दर दुसऱ्या शनिवारी कुणीतरी एक सात तासांच्या बसनं जायचं, असं नऊ वर्षं चाललं. मुलगी झाली ती माझ्याजवळ वाढली, सुट्टीत तिकडे जायची. तिला झाडांची नावं बापाकडून आली आणि उतावळेपणा माझ्याकडून. ती आता भूगोल शिकवते. पुढे यांनी उद्यानाची नोकरी सोडली आणि इकडे आले. पुन्हा दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फाटकाजवळच्या त्या दोन खोल्यांविषयी कधी बोलले नाहीत, पण आमच्या गॅलरीत कुंड्या इतक्या झाल्या की वाळत घालायला जागा उरली नाही. अकरा वर्षांपूर्वी गेले.

वन्सं त्यांच्याही आधी गेल्या, ब्याऐंशीव्या वर्षी. शेवटची सहा वर्षं माझ्याजवळ होत्या. गुडघे पार गेले होते, पण रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जायचा हट्ट. तिथे बसल्या की मला म्हणायच्या, “तू जा गं पुढे. मी येते.”